कलेक्टर पलंगाखालून निघेना

"वाजवू नका! मावशी, हातात घ्या, उलटा करा, बूड बघा, पण वाजवू नका म्हणलं ना!" अप्पा ओरडले. अप्पा ओरडले म्हणजे नेमकं काय झालं, हे ज्यांनी ते कधी ऐकलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. माझे वडील गल्लीच्या तोंडाशी उभे राहून "ए ऑटो!" म्हणाले की गोदावरीच्या पल्याड चरणाऱ्या म्हशी माना वर करून बघत, आणि नांदेड स्टेशनात सुटायला आलेल्या गाडीचा गार्ड हिरवी झेंडी खाली घेऊन आता काय झालं म्हणून इकडेतिकडे पाही. यातलं म्हशींचं मी स्वतः पाहिलेलं आहे. गार्डाचं अप्पांनीच सांगितलं होतं.

समोर उभी होती ती मुखेडकडची एक म्हातारी. नातीच्या लग्नाची भांडी न्यायला सकाळच्या एसटीनं आलेली, आणि तिच्या हातात आमच्या दुकानातला सगळ्यात मोठा स्टीलचा हंडा. आमच्याकडे भांडं वाजवल्याशिवाय कुणी घेत नाही. बोटांची पेरं आवळून ठण्णकन एक मारायची, कान तिरका करायचा, आवाज किती वेळ रेंगाळतो ते बघायचं, मगच पुढचं बोलणं. जावई न बघता करतील, हंडा न वाजवता नेणार नाहीत. म्हातारीचा हात वर गेलेला होता आणि अप्पांचे दोन्ही हात तिच्यापुढे जोडलेले होते.

"वाजवल्याबिगर हंडा न्यायला मला काय येड लागलंय का ओ, सावकार?"

"मावशी, घरात आजारी हाय कुणीतरी."

"कोण हाय?"

"कलेक्टर."

म्हातारीचा हात हवेतच थांबला. "कलेक्टर? अन् तुमच्या घरात कामून?"

"पलंगाखाली हाय," अप्पा म्हणाले. "आज बावीस दिस झाले. निघूनच न्हाई राहिली."

म्हातारीला जरा तशीच उभी राहू द्या. तिची मुखेडची गाडी दुपारनंतर होती, तिला घाई नव्हती. आणि कलेक्टर आमच्या पलंगाखाली काय करत होती, हे कळल्याशिवाय पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. कळल्यावर वाटेल असंही मी म्हणत नाही.

आमचं घर म्हणजे पुढे भांड्यांचं दुकान, मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि शेवटी एक फरशी घातलेलं अंगण. दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच दार, आणि ते दार माझ्या जन्मापासून कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. सकाळी अप्पा कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून महादेवाची घंटा वाजवत, ती इतकी की देवालाच कानावर हात ठेवावे वाटत असतील. त्याच वेळी अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापत असे. अव्वा उदगीरकडची, तिच्या हाताचा फटका परातीत पडला की मांडणीवरच्या वाट्या जागच्या जागी फिरत. मग शेंगांची चटणी खलबत्त्यात, मग कुकरच्या शिट्ट्या, मग दुकानात गिऱ्हाइकांची ठणठण, आणि या सगळ्यावर अप्पांचं नावं घालायचं मशीन. भांड्यावर नाव कोरणारं ते मशीन सुरू झालं की दाढदुखी नसलेल्या माणसाचीही दाढ दुखायला लागे. एवढ्या गोंगाटात एकमेकांना ऐकू जायचं तर ओरडण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या घरात कुणी बोलत नसे. सगळे हाका मारत. मीठ मागायचं तरी हाक. गुपित नावाची वस्तू आमच्याकडे एक दिवस टिकली नाही.

अशा घरात भित्री कुत्री सांभाळायला कोण देईल? फुलारी मॅडमनी दिली. फुलारी मॅडम कॉलेजात शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली कुत्री गोळा करायच्या. गावाबाहेर त्यांची पत्र्याची एक शेड होती. एकदा त्या एकदम चाळीस वाडगे घ्यायला आल्या, तेव्हा गल्ल्यावर मी होते. बारावीची परीक्षा नुकतीच झालेली, डोकं रिकामं. त्या म्हणाल्या, काही कुत्री शेडमध्ये रुळतच नाहीत गं, इतरांना भिऊन कोपऱ्यात मरायला टेकतात, त्यांना महिना-दोन महिने कुणाचं तरी घर पाहिजे, माणसाची सवय झाली की चांगल्या घरी देता येतात. मी "आमच्याकडं द्या" म्हणाले. घरात विचारून सांगते असं म्हणायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. अप्पांना कळलं तेव्हा ते इतके ओरडले की समोरच्या शिंप्यानं कापड वाकडं कापलं. पण संध्याकाळी पहिलं कुत्रं आलं, ते दारातच अप्पांच्या धोतराआड लपलं, आणि विषय संपला. अप्पांच्या आड आजवर कुणी लपलं नव्हतं. लोक त्यांच्यापासून लपत.

त्या पहिल्याचं नाव अप्पांनी पैलवान ठेवलं. स्टीलच्या वाडग्यात स्वतःचं तोंड दिसलं की तो घाबरून मागं सरकायचा, मग वाडग्यातलाही मागं सरकला हे बघून त्याला जरा धीर यायचा. दुसरा फौजदार, तो झाडूला भ्यायचा. नावं ठेवण्याचं अप्पांचं तत्त्व ठरलेलं होतं: "भित्र्याला मोठं नाव द्यावं. रोज ऐकून ऐकून अंगात येतं." आणि खरंच यायचं हो. पैलवान आमच्याकडून गेला तेव्हा त्याच्या अंगावरून मांजर गेलं तरी तो फक्त डोळे मिटून घ्यायचा. कुत्रं नव्या घरी निघालं की अप्पा त्याच्या वाडग्यावर मशीननं कोरायचे: "चि. पैलवान यास सप्रेम भेट", खाली दुकानाचं नाव. तोच वाडगा घेऊन ते जायचं. लेकीला भांडी देऊन लावून देतात, तसंच. मी दर वेळी ऑटोमागे रडत पळायची, अव्वा पदरानं नाक पुसायची आणि अप्पा ऑटोवाल्यावर ओरडायचे, "हळू चालव, आत पोरगं हाय!" आज या वयात गुडघे मला पायरी चढण्याआधी विचार करायला लावतात, पण ऑटोचा आवाज आला की अजून पावलं आपोआप सरसावतात.

मग आली ती. काळी, कानांच्या टोकांना पिवळट, हाडं मोजून घ्या अशी. फुलारी मॅडमनी तिला टोपलीतून उतरवलं, आणि ती जमिनीला पोट घासत थेट लोखंडी पलंगाखाली गेली, भिंतीच्या कोपऱ्यात. पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्यांची एक गल्ली होती, मॅडम सांगत होत्या. दिवसभर हातोड्यानं पत्रा बडवणारी दहा-बारा दुकानं. रस्ता रुंद करायला निघाले, दुकानं उठली, कारागीर आपापल्या वाटेनं गेले. ही तिथंच पत्र्याच्या ढिगाखाली आठ दिवस बसून होती. नसबंदी झाली, जखमा भरल्या, पण शेडमध्ये तोंड वर करत नव्हती. "एवढ्या बडवाबडवीत राहिलेलं जनावर," मॅडम म्हणाल्या, "कान विटले असतील बिचारीचे. हिला शांत ठेवा. ओढून बाहेर काढायचं नाही. जो हिला नेईल त्याच्याकडं ही आपल्या पायानं गेली पाहिजे, हा माझा नियम. तिघांना दाखवू. तिघांकडं नाही गेली तर मग तिला तिच्या जागेवर सोडावं लागेल."

"जागा कुठं हाय तिची?" अव्वानं विचारलं. "तिथं तर आता ट्रका चालून राहिल्यात."

मॅडमनी रिकामी टोपली उचलली. अव्वा पलंगाकडे वळून म्हणाली, "हिचं नाव कलेक्टर. आता बाया असतातच कलेक्टर."

आणि त्या दिवशी आमच्या घरानं शांत राहायचं ठरवलं. उंटानं सुईत दोरा ओवायचा ठरवावा तसं. दुकान आणि घरामधलं ते दार जन्मात पहिल्यांदा लागलं. घंटेच्या लोलकाला अप्पांनी फडकं बांधलं. भाकरी थापली की आवाज, म्हणून अव्वा चपात्या लाटू लागली, आणि ज्वारीशिवाय ज्यांना जेवल्यासारखं वाटत नसे ते अप्पा चपातीकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत गिळू लागले. खलबत्ता बंद, म्हणून चटणी बंद. कुकर बंद, म्हणून वरण सकाळी चुलीवर चढलं की दुपारपर्यंत शिजतच राही. फोडणी अव्वा अंगणात नेऊन, वर झाकण दाबून, गुन्हा केल्यासारखी घालत असे. आणि बोलणं? आमच्यापैकी कुणालाच हळू बोलता येत नव्हतं. अप्पा कुजबुजायला गेले की सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटल्यासारखा आवाज येई आणि समोरच्याच्या तोंडावर शिंतोडे उडत. म्हणून खुणा सुरू झाल्या. अव्वानं हळद मागितली तर मी झाडू देई; अप्पांनी पाणी मागितलं तर अव्वा डॉक्टरांना बोलवायला निघे. चौथ्या दिवशी शेजारच्या दोन बाया डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि अव्वाच्या गळ्यात पडल्या. आमच्या घरातून चार दिवस आवाज नाही म्हणजे कुणीतरी गेलंच, अशी त्यांची खात्री होती. अप्पांना समोर बसलेलं बघून त्यांना हायसं वाटलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाव घालायचं मशीनही बंद होतं, आणि लग्नसराई तोंडावर. नावं घालायच्या राहिलेल्या कळश्या छतापर्यंत चढल्या. कलेक्टरवर याचा परिणाम एवढाच झाला की ती जास्तच आत सरकली. रात्री कधीतरी दूध-चपाती खाई, कधी नुसतं हुंगून सोडी. मी पलंगाखाली पालथी पडून तिच्याशी मनातल्या मनात बोलायची. तिचे डोळे माझ्यावर नसायचे. माझ्या मागे, त्या बंद दारावर असायचे. हे मी रोज बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. सतराव्या वर्षी मी स्वतःला फार हुशार समजत असे.

पहिलं जोडपं नायगावहून आलं. दोघांनी तासभर जिभेनं च्‌ च्‌ केलं आणि चहा पिऊन गेले. दुसरा एक तरुण नांदेडातलाच. बिस्किटं घेऊन पलंगाशी आडवा झाला आणि झोपला. तासाभरानं जागा झाला तर बिस्किटं मुंग्यांनी खाल्लेली. दोन गेले. आता एकच उरला.

तर आता त्या मुखेडच्या म्हातारीकडे वळू. "कलेक्टर" म्हणजे कुत्री, हे अप्पांनी तिला समजावून सांगितलं, पत्र्याच्या गल्लीचंही सांगितलं. हे सगळं त्यांनी बावीस दिवसांचं तुंबलेलं तोंड मोकळं करत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. तिनं मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं," आणि पेरं आवळून हंड्यावर हाणली.

ठण्ण!

स्टीलचा मोठा हंडा होता तो. आवाज भिंतींवरून फिरला, कळश्यांत शिरला, कळश्या गुणगुणल्या. अप्पांनी डोळे मिटले. मी दार उघडून आत धावले, वाटलं की ही आता भिंतीत भोक पाडून बाहेर जाते. पलंगाखाली बघते तर कोपरा रिकामा. आणि माझ्या पायाला काहीतरी घासून गेलं. कलेक्टर माझ्याजवळून, उंबरा ओलांडून, शेपटी सरळ धरून दुकानात गेली आणि हंड्यासमोर बसली. कान ताठ. म्हातारीनं परत हाणली. कलेक्टरची शेपटी फरशीवर एकदा आपटली. म्हातारीनं तिसऱ्यांदा हाणली तेव्हा शेपटी थांबायलाच तयार नव्हती.

"पोरी," म्हातारी मला म्हणाली, "हिला आवाजाचा तरास नव्हता. बडवायचं थांबलं त्याचा होता. बडवणं थांबलं अन् माणसं गेली, असंच बगितलंय की तिनं. तुमी इतके दिस उगं गप बसलात, तिला वाटलं तुमीबी गेलात." मग हंडा अप्पांच्या हातात देऊन ती म्हणाली, "ह्याचा आवाज बोदा हाय. दुसरा दाखवा."

पुढच्या दिवसांचं वर्णन करायला शब्द नाहीत, आणि असते तरी त्या आवाजात ऐकू आले नसते. घंटेचं फडकं निघालं. अव्वानं एकावेळी चार कुकर लावले, त्यातल्या दोनांत नुसतं पाणी. भाकरीच्या फटक्यांनी मांडणीवरून वाट्या उड्या मारून खाली आल्या. खिरीसाठी गहू कांडायला अव्वाचं उखळ निघालं, आणि त्या गव्हाच्या खिरीला अव्वा तिच्या माहेरच्या बोलीत हुग्गी म्हणते. ती मी दोन वाडगे खाल्ली, कलेक्टरनं तीन. अप्पांनी तुंबलेल्या कळश्यांवर नावं घालायला मशीन लावलं, तर कलेक्टर मशीनशेजारी अंग टाकून गाढ झोपली. अप्पा आनंदानं ओरडत होते, मी ओरडत होते, शेजारच्या त्या दोन बाया भिंतीपलीकडून "वाचले म्हणायचे!" असं ओरडत होत्या. आठ दिवसांत कलेक्टरच्या अंगावर मांस आलं.

आणि मग फोन आला लातूरहून. बिराजदार सर, निवृत्त ग्रंथपाल. पेपरात मॅडमनी छापायला दिलेला फोटो त्यांनी पाहिला होता. इतके हळू बोलत होते की अप्पांनी फोन कानात घुसवला. "कुत्री शांत आहे का? मला शांत पाहिजे." अप्पा जातिवंत दुकानदार. कलेक्टर आमच्याकडे आल्यापासून एकदाही भुंकली नव्हती. "एकदम शांत!" अप्पा म्हणाले. "तिचा आवाज म्हणून न्हाई, सर!"

"अप्पा," फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "तिला शांत घर चालत न्हाई हे सांगितलं न्हाई तुमी."

"त्यांनी विचारलं का? न्हाई. मालाचं जेवढं विचारलं तेवढं सांगावं. एकदा गेली की रुळते."

सर आले ते चपला बाहेर जोडीनं ठेवून, आवाज न करता. बारीक, उंच, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. लायब्ररीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. फरशीवर बसले तेही पुस्तक ठेवावं तसे. सरांना शांत पाहिजे म्हणून अप्पांनी मशीन बंद केलं, दार लावलं, अव्वानं कुकर उतरवला. फुलारी मॅडम स्टुलावर बसल्या, त्यांचा नियम घेऊन. आणि घर गप्प झालं, त्या क्षणी आमच्या पायांशी पडलेली कलेक्टर उठली, तिनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि पोट घासत पलंगाखाली गेली.

सर बसून राहिले. एक तास. दोन तास. त्यांनी हात पुढे केला नाही, च्‌ च्‌ केलं नाही, नुसते बसून राहिले. मला ते आवडायला लागले होते, हीच अडचण होती. मॅडमनी एकदा घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. ती ट्रकांची वाट मला डोळ्यांपुढे दिसायला लागली. अप्पा मला डोळ्यांनी सांगत होते: उगं बस. मी सतरा वर्षं अप्पांचं ऐकत आले होते, म्हणजे ऐकावंच लागे, ऐकू येतच असे. पण त्या दिवशी मी बोलले.

"सर, ती शांत आहे, पण तिला शांतता सहन होत नाही. आवाज थांबला की तिला वाटतं सगळे सोडून गेले. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

अप्पा तांबडे झाले. मॅडमनी त्यांच्याकडे जे बघितलं, ते बघून मला माझी चूक बरी वाटली.

"माझ्या घरी आवाज नाही," सर म्हणाले. "मंडळी गेल्यापासून कुकरसुद्धा लागत नाही. डबा येतो. म्हणून म्हटलं, शांत कुत्री असेल तर तिला आवडेल." ते उठले. सगळ्यांना नमस्कार केला. दारात जाऊन एका पायात चप्पल घातली. अव्वानं तोंडाला पदर लावला. मी पलंगाकडे बघायची हिंमत केली नाही. संपलं होतं.

दुसरी चप्पल त्यांनी घातली नाही. वळून म्हणाले, "किती मोठ्यानं लागतो?"

"काय, सर?"

"आवाज."

"जरा मोठ्यानंच," अव्वा म्हणाली. "आमच्या ह्यांच्यावाणी."

सर परत आले, पलंगासमोर उभे राहिले, घसा साफ केला. काय बोलावं हे त्यांना सुचेना. चाळीस वर्षं जे रोज बोलले तेच मग तोंडात आलं. "कृपया शांतता राखा," ते म्हणाले. पाल चुकचुकली तरी याहून मोठी.

"जरा वर घ्या, सर," मी म्हणाले.

"कृपया शांतता राखा."

"अजून, सर!" अप्पांना राहवेना. "पोटातून! बेंबीपासून!"

सरांनी गळ्याचं बटण काढलं. छाती भरून घेतली. आणि असा आवाज आला की छतापर्यंतच्या कळश्या थरथरल्या. मी आजवर ऐकलेल्या आवाजांत अप्पांच्या खालोखाल, आणि अप्पा समोर नसते तर वरचाच म्हणाले असते. "शांतता राखा! पानं दुमडू नका! वर्तमानपत्रं घरी नेऊ नका! पुस्तक पंधरा दिवसांत परत करा! वेळ सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ! सोमवारी सुट्टी!" चाळीस वर्षं भिंतीवर मुकाट लटकलेली ती अख्खी पाटी त्यांनी आमच्या घरात ओरडून काढली. मान तांबडी, डोळ्यांत पाणी, आणि थांबायला तयार नाहीत. "बोलू नका! कुणीही बोलू नका! शांतता राखा!"

बोलत कुणीच नव्हतं. पलंगाखालून आधी नाक आलं, मग पिवळट कान. कलेक्टर उभी चालत आली, पोट न घासता, सरांच्या चप्पल नसलेल्या पायावर बसली आणि तोंड वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. शेपटी फरशीवर आपटत होती. सर धापा टाकत तिच्याकडे बघत राहिले. आता हात लावायचा असतो हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

अप्पांनी मशीन लावलं आणि कोरलं: "चि. कलेक्टर हिस सप्रेम भेट." मी ऑटोमागे पळाले. अप्पा ओरडले. सगळं रिवाजाप्रमाणे झालं.

चार-पाच महिन्यांनी एका लग्नासाठी आम्ही लातूरला गेलो. अप्पा बसमध्येच म्हणायला लागले, सरांच्या गल्लीत जाऊ, लांबूनच आवाज येईल, घर विचारायची गरज न्हाई. गल्लीच्या तोंडाशी आलो. आवाज नाही. अर्ध्यात आलो. आवाज नाही. सरांचं दार ओढून घेतलेलं, आत भांड्याचासुद्धा आवाज नाही. अप्पा थांबले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझा दंड धरला, आणि मला माहीत होतं की आम्ही दोघंही एका पलंगाचा विचार करतोय. शेजारच्या पायरीवर एक बाई तांदूळ निवडत होती. अप्पांनी तिला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा अगदी हळू आवाजात, "बाई, सर हायेत का? आवाज न्हाई आला म्हणून विचारून राहिलो. कुत्री बरी हाय ना त्यांची?"

बाईनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आज सोमवार," ती म्हणाली. "सोमवारी दोघांनाबी सुट्टी असती."